निरोप घरापर्यंत

१३ मे २०२५. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला. राज्यातली ९४.१० टक्के, म्हणजे साडेचौदा लाखांहून अधिक मुले उत्तीर्ण झाली. पेढे वाटून होतात न होतात तोच घराघरांत पुढचा प्रश्न आला: अकरावीचा फॉर्म कुठे भरायचा?

या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षी बदलले होते. मुंबई परिसरात अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २००९पासून रुळलेले. पुढे पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरांतही ते आले. २०२५-२६ या वर्षासाठी मात्र ही पद्धत पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्राला लागू झाली. तोवर भामरागड, जिवती किंवा अक्कलकुव्याकडचा बाप मुलीचा दाखला आणि गुणपत्रक पिशवीत घालून जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचा, खिडकीवर फॉर्म घ्यायचा, काही अडले तर तिथेच विचारायचा आणि प्रवेश करून संध्याकाळच्या गाडीने घरी परतायचा. आता लॉगिन आले, पासवर्ड आला, ओटीपी आला, अर्जाचे दोन भाग आले आणि दहापर्यंत पसंतिक्रम आले. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. त्या दिवशी संकेतस्थळच चालेना. नोंदणी २६ मेवर गेली. हा बदललेला दिवस टीव्हीवर सांगितला गेला, शहरातल्या वर्तमानपत्रांत छापून आला. पण ज्या वस्तीवर वर्तमानपत्र येत नाही तिथल्या घराला तो कळवायचा कोणी? शाळा उन्हाळी सुट्टीत, वर्गशिक्षक गावी, कार्यालयाला कुलूप.

या प्रवेशात एक नियम फार महत्त्वाचा आहे. पहिल्या क्रमांकाला टाकलेले महाविद्यालय मिळाले, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. हा नियम ज्या घराला आधी माहीत असतो, ते घर एसटीची वेळ, वसतिगृह, खर्च असा सगळा विचार करून पहिला पर्याय लिहिते. ज्याला माहीत नसतो, त्याचा पहिला पर्याय सायबर कॅफेतल्या पोराच्या बोटाने ठरतो आणि चाळीस किलोमीटरवरचे कॉलेज पदरात पडते. मुलगा असेल तर कसेबसे जमवतात. मुलगी असेल तर पुष्कळदा शिक्षण तिथेच थांबते. एका वाक्याची माहिती वेळेवर न मिळाल्याची एवढी किंमत असते.

उत्तीर्णांच्या गर्दीत न दिसणारे ९१ हजारांहून अधिक विद्यार्थी त्या निकालात अनुत्तीर्ण झाले. माहितीची सर्वांत जास्त गरज या घरांना होती. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते आणि तिचे अर्ज निकालानंतर लगेच, तेही शाळेमार्फतच भरायचे असतात. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत बसता येते. आयटीआयचे काही व्यवसाय दहावी नापासांनाही खुले असतात. शाळेत पुन्हा यायचेच नसेल, तर पुनर्परीक्षार्थी म्हणून परीक्षा देता येते किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नाव घालता येते. वाटा आहेत. पण नापास झालेल्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात शाळेतून फोन जात नाही. दहावीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणवंतांची छायाचित्रे येतात, अभिनंदनाचे फुलगुच्छ येतात, आणि मग ग्रुप शांत होतो. लाजेने गप्प बसलेला बाप आपण होऊन शाळेची पायरी चढत नाही, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असते. म्हणूनच पहिला फोन शाळेकडून जायला हवा.

हायस्कूलच्या वर्षांत घराला कळवायच्या गोष्टी सर्वांत जास्त असतात आणि नेमक्या त्याच वर्षांत शाळा नि घर यांच्यातली ये-जा सर्वांत कमी होते. पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा गावातच असते. गुरुजी रस्त्यात भेटतात, बाई हळदी-कुंकवाला येतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असे घालून दिले. पण या कायद्याची हद्द आठवी, म्हणजे १४ वर्षे वयापर्यंत. नववीपासून पुढे मूल बहुधा खासगी संस्थेच्या अनुदानित हायस्कूलमध्ये जाते. ते हायस्कूल चार-सहा गावांचे मिळून एक असते. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, पण त्याची सभा दुपारी भरते; रोजंदारी बुडवून तिला जाणे प्रत्येकाला परवडत नाही. जे जातात त्यांना मुलाच्या गुणांबद्दल चार शब्द ऐकायला मिळतात. शिष्यवृत्ती, दाखले, वसतिगृहे, मदतीच्या योजना यांच्यावर बोलायला वेळ उरत नाही.

पूर्वीचे हायस्कूल निरोप कसा पाठवायचे? मुख्याध्यापक नोटीस वहीत मजकूर लिहीत, शिपाई ती वही वर्गावर्गांतून फिरवी, शिक्षक वाचून दाखवीत आणि सही करीत. गैरहजर मुलाच्या घरी पोस्टकार्ड जाई. फार दिवस मूल आले नाही, तर शिपाई सायकल काढून वस्तीवर जाऊन येई. कोणाच्या घरी काय अडचण आहे, कोणाचा बाप कुठे कामाला गेला आहे, कोणती मुलगी लग्नासाठी घरी बसवली आहे, हे सगळे त्याला माहीत असे. त्याच्या सायकलीवरून अर्ध्या तालुक्याची माहिती शाळेत येई आणि शाळेची माहिती तालुक्यात जाई. ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित माध्यमिक शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदे, आहेत ती माणसे निवृत्त होतील तशी, न भरण्याचे ठरले. त्यांच्याऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळणार: ग्रामीण भागात महिन्याला ५ हजार रुपये, मोठ्या शहरांत त्याहून अधिक. त्या पैशात झाडलोट होईल, घंटा वाजेल. वीस वर्षे एकाच पंचक्रोशीत फिरून माणसे ओळखणारा माणूस त्यात मिळणार नाही. शाळा नि घर यांच्या संवादावर अलीकडे आलेला हा सर्वांत मोठा घाव आहे, आणि त्याची चर्चा फक्त शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या मोर्चांतच झाली.

शिपायाची जागा फोनने घेतली आहे. २०२४च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. ८२.२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. पाहणीआधीच्या आठवड्यात त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. घरोघरी फोन आहे, मग निरोप पोहोचला, असे या आकड्यांवरून कोणी समजेल. पण फोन कोणाच्या हातात आहे, ते पाहायला हवे. घरातला एकमेव स्मार्टफोन बहुधा त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्याच हातात असतो. वर्गाचा ग्रुप तोच वाचतो. ‘आपला पाल्य तीन दिवस गैरहजर आहे’ हा संदेशही पहिल्यांदा पाल्यालाच दिसतो. बापाकडे बटणांचा साधा फोन. आईचा नंबर शाळेच्या दप्तरात नसतोच. आणि दप्तरात असतो तो नंबर पाचवीत प्रवेश घेतानाचा. त्यानंतर घरात दोन-तीन सिमकार्डे बदललेली असतात. दर जूनमध्ये वर्गशिक्षकाने प्रत्येक घराचे दोन नंबर, त्यांतला एक आईचा, लावून तपासून घेतले तरी निम्मे काम होईल. एवढ्या साध्या गोष्टीला तंत्रज्ञान लागत नाही; एक दुपार लागते.

ग्रुपवर येते तरी काय? शासन निर्णयाची पीडीएफ. आठ पाने, संदर्भ क्रमांक एक ते अकरा, प्रस्तावना, आणि सहाव्या पानावर कुठेतरी अर्जाची शेवटची तारीख. ती पीडीएफ मंत्रालयातून संचालकांकडे, तिथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, केंद्रप्रमुखाकडे, मुख्याध्यापकाकडे आणि शेवटी पालकांच्या ग्रुपवर जशीच्या तशी उतरते. वाटेत एकानेही तिच्यातली पालकाच्या कामाची चार वाक्ये वेगळी काढून दिलेली नसतात. कोणाला मिळेल, काय कागद लागतील, कुठे द्यायचे, कधीपर्यंत. एवढे फळ्यावर मावते. ज्या शाळांत एखादे शिक्षक हे चार मुद्दे स्वतःच्या आवाजात मिनिटभर बोलून ग्रुपवर टाकतात, तिथे आजीसुद्धा ते ऐकते.

आवाजाचा मुद्दा भाषेशीही जोडलेला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात: मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमीळ, तेलुगू. एकाच शहरातल्या पालकांना एकाच भाषेतली नोटीस पुरत नाही, हे मुंबईने मान्य केले, त्याला बराच काळ झाला. मेळघाटातल्या कोरकू आईला किंवा सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या बापाला मात्र प्रमाण मराठीतले, तेही शासकीय मराठीतले पत्रक मिळते. तिथल्या हायस्कुलांत दहावीतली मुले दोन्ही भाषा उत्तम बोलतात. त्यांच्याकडून निरोप बोलून घेऊन पाठवणे अवघड नाही.

फोनने अफवाही घरात आणल्या. दर वर्षी बोर्डाचे वेळापत्रक जाहीर होण्याच्या सुमारास कसलेतरी बनावट वेळापत्रक फिरते. राज्य मंडळाला दर वर्षी सांगावे लागते की समाजमाध्यमांवर फिरणारे वेळापत्रक ग्राह्य धरू नका, शाळेकडे छापील स्वरूपात आलेलेच अंतिम समजा. म्हणजे एवढ्या पडद्यांच्या काळातही शेवटचा विश्वास शाळेच्या सूचनाफलकावर लावलेल्या कागदावरच आहे. हा विश्वास फार मोलाचा आहे. कारण पालक ज्या शाळेला परीक्षेच्या तारखेसाठी प्रमाण मानतो, तिलाच शिष्यवृत्तीसाठीही प्रमाण मानायला तयार असतो. तिने सांगायचे मात्र ठरवले पाहिजे.

शिष्यवृत्तीचेच पाहा. आठवीत एनएमएमएस ही परीक्षा होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या, शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांसाठी ती आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला साडेतीन लाख. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये, चार वर्षांत ४८ हजार. महाराष्ट्राचा कोटा ११ हजार ६८२. निवड झाल्यावर शाळेत सत्कार होतो, पेपरात फोटो येतो आणि घराला वाटते, आता पैसे येत राहतील. ते आपोआप येत नाहीत. दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते, नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते, आणि दहावीला ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्यात ५ टक्क्यांची सवलत. अकरावीला कॉलेज बदलले की नव्या कॉलेजने अर्ज पडताळायचा असतो. तिथल्या कार्यालयाला या मुलाच्या शिष्यवृत्तीची कल्पनाच नसते. मुलगा हुशार, घर गरजू, पैसे मंजूर, आणि एका नूतनीकरणाअभावी सगळे तिथेच थांबते. हे टाळायला दहावीचा दाखला देताना त्याच्या पाठीला एक चिठ्ठी टाचली तरी पुरे: या विद्यार्थ्याला एनएमएमएस आहे, अकरावीत अमुक करा.

याच परीक्षेत उत्तीर्ण होऊनही गुणवत्ता यादीत न बसलेल्या मराठा-कुणबी समाजातल्या मुलांना पुण्याची ‘सारथी’ संस्था छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वर्षाला ९ हजार ६०० रुपये देते. ते शोधणारे घर क्वचितच असते. यादीत नाव आले नाही की विषय संपला, असेच घर धरून चालते. नागपूरची ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, दहावी झालेल्या मुलांना जेईई-नीट-सीईटीची तयारी करून घेते, टॅब देते. त्याचे अर्ज निकालाच्या धामधुमीत निघतात. या दोन्ही गोष्टी सांगायची जागा आठवी-दहावीचा वर्ग हीच आहे.

काही योजना अशा, की त्यांच्याबद्दल बोलणेच अवघड. म्हणून त्या अजिबात सांगितल्या जात नाहीत. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाला, तर राज्य शासन पालकांना दीड लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देते. अपघातात दोन अवयव निकामी झाले तर एक लाख, एक निकामी झाल्यास ७५ हजार. जून २०२२मध्ये या रकमा वाढवण्यात आल्या. त्यासाठी विम्याचा हप्ता नाही, आधी कसला अर्ज नाही. प्रस्ताव मात्र शाळेमार्फत जातो. विहिरीत बुडालेल्या, सर्पदंशाने किंवा वीज पडून गेलेल्या पोराची आई असा प्रस्ताव मागायला येणार नाही. तिच्या डोक्यात तो विचारही नसतो. शोकाचे दिवस सरल्यावर वर्गशिक्षकाने घरी जायचे, कागद स्वतः गोळा करायचे, यालाच शाळा म्हणायचे.

तशीच बालसंगोपन योजना. वडील वारलेले, आई एकटी, किंवा दोघेही नाहीत आणि मूल मामाकडे वाढते आहे, अशा १८ वर्षांखालच्या मुलासाठी महिन्याला २ हजार २५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो. शिक्षण खात्याशी त्याचा थेट संबंध नाही, म्हणून शिक्षण खात्याच्या परिपत्रकांत तो येत नाही. पण वर्गात कोणाचे वडील नाहीत, हे शिक्षकाइतके नेमके कोणाला ठाऊक असते? वर्षाचे २७ हजार रुपये म्हणजे शेतमजुरी करणाऱ्या विधवेच्या घरातली नववीतली मुलगी शाळेत राहणे. एका खात्याची योजना दुसऱ्या खात्याच्या माणसाने सांगायला काहीच हरकत नसते.

आणि एक बातमी चुकीच्या वर्गात सांगितली जाते. ८ जुलै २०२४च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, एवढी मुख्य अट. हे बारावीनंतर लागू होते म्हणून बारावीनंतर सांगतात. पण मुलीला पुढे शिकवायचे की नाही, याचा निर्णय गावात दहावीलाच होतो. ‘इंजिनिअरिंगची फी कुठून आणायची’ म्हणून सोळाव्या वर्षी तिचे लग्न ठरवायला निघालेल्या बापाला ही माफी त्याच वर्षी माहीत व्हायला हवी. नववीच्या पालकसभेत हा निर्णय वाचून दाखवायला हवा, आणि त्यासाठी लागणारे दाखले कोणते, हेही तिथेच सांगायला हवे.

दाखल्यांचे काम मोठे आहे. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी. प्रत्येकासाठी वेगळे कागद, प्रत्येकाची वेगळी मुदत. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा तर आधारशी जोडलेले बँक खाते, आणि ते जोडणे बँकेत नीट झालेले. जून-जुलैत सगळा महाराष्ट्र एकाच वेळी सेवा केंद्रांसमोर रांगेत उभा राहतो आणि तहसील कार्यालयावर ताण येतो. याला उत्तरे सापडलेली आहेत, ती आपल्याच मातीतली आहेत. महसूल खात्याने महाराजस्व अभियानात शाळांमध्येच शिबिरे घेऊन दाखले वाटले. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडला जात पडताळणीचे काम महाविद्यालयात नेऊन विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे मिळवून दिली, आणि तो ‘मंडणगड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. एसटी महामंडळानेही हाच धडा घेतला. विद्यार्थ्यांना पासात ६६.६६ टक्के सवलत आहे, बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तो मोफतच आहे. पण पास काढायला आगारात जायचे, रांग लावायची, एक दिवस शाळा बुडवायची. आता मुख्याध्यापकांनी दिलेल्या यादीनुसार पास थेट शाळेत आणून देण्याची मोहीम महामंडळ शाळा उघडताना राबवते. पालकाला काही कळवावेच लागत नाही. कित्येक बाबतींत हीच सर्वांत चांगली व्यवस्था ठरेल: जे शाळेच्या दप्तरात आधीच आहे, ते पालकाकडे पुन्हा मागूच नये.

दप्तराबद्दल आणखी एक. दहावी-बारावीचे परीक्षा अर्ज शाळेतून भरले जातात. त्यानंतर प्री-लिस्ट येते: प्रत्येक परीक्षार्थीचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, विषय. मुलाने ती तपासून सही करायची. दोन मिनिटांत साठ मुलांच्या सह्या होतात. पण दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव पुढे पारपत्रापासून नोकरीपर्यंत सगळीकडे चालते, आणि शाळा सोडल्यावर त्यातली चूक दुरुस्त करणे म्हणजे हेलपाटे. ती प्री-लिस्ट एका रात्रीपुरती घरी पाठवावी. आईला आपले नाव कागदावर बरोबर आले की नाही हे नक्की सांगता येते.

घराला कळवण्याच्या गोष्टींत भीतीच्या गोष्टीही येतात. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरला चिमुरड्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेतली जावी म्हणून पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत असावी, असा शासन निर्णय मार्च २०२२मध्येच निघाला होता. बदलापूरनंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि असा प्रकार कळल्यापासून २४ तासांत यंत्रणेला कळवण्याचे बंधन, हे सारे पुन्हा बजावण्यात आले. पण आपल्या मुलीच्या शाळेतल्या समितीत कोण आहे, हे कोणत्या पालकाला माहीत आहे? ती नावे मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फायलीत असून भागत नाही. प्रवेशद्वाराजवळ, मोठ्या अक्षरांत लावायला हवीत. त्याखाली मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आणि मन फार जड झाले तर रात्री-अपरात्रीही बोलता येईल असा टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक. परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवसांत हे दोन क्रमांक घरातल्या भिंतीवरही हवेत.

सगळ्या घरांपर्यंत एकाच वेळी निरोप पोहोचवण्याची साधने गावांकडे अजून आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, दीड तास मुलांचा अभ्यास. मोबाइलची सवय लागलेल्या मुलांच्या घरी शिक्षक आणि ग्रामस्थ जाऊन बोलले, तेव्हा ते जमले. करोनाकाळात पालघरच्या दांडवळसारख्या आदिवासी गावांत एका संस्थेने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले. सोलापूरच्या नीलमनगरात कामगारांच्या वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर एका मराठी शाळेने धडे रंगवले. ज्या भिंतीवर त्रिकोणाचे सूत्र रंगवता आले, तिथे शिष्यवृत्तीची तारीखही रंगवता येईल. ग्रामपंचायतीची घंटागाडी रोज सकाळी गल्लोगल्ली फिरते. तिच्या कर्ण्यावरून परीक्षा अर्जाची मुदत सांगायला कोणाची हरकत आहे?

ज्या घरांना यातले काहीच ऐकू येत नाही, कारण ती गावातच नसतात, त्यांची तयारी सर्वांत आधी करावी लागते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दहावीचा अर्ज, प्री-लिस्ट, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, लेखी परीक्षा, सगळे याच काळात येते. आठवीपर्यंतच्या मुलांना गावात ठेवायला हंगामी वसतिगृहांचा आधार असतो. नववी-दहावीच्या मुलाला हा आधार नसतो आणि तो कोयता हातात घेण्याच्या वयाला आलेला असतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांची योजना २०२१मध्ये मंजूर झाली: ४१ तालुके, प्रत्येकी मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे, टप्प्याटप्प्याने. जिथे ती सुरू झाली आहेत, तिथे प्रवेश जूनच्या आसपास होतात. टोळीची उचल घेण्याचा व्यवहारही पावसाळ्यातच होतो. म्हणजे या पालकांना वसतिगृहाबद्दल सांगायचे ते मुकादम दारात येण्याआधी, जूनच्या सुरुवातीलाच. त्याच बैठकीत नाव-जन्मतारीख जनरल रजिस्टरशी ताडून घ्यायची, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते तपासायचे, मागे राहणाऱ्या आजी-चुलत्याचा नंबर लिहून घ्यायचा, ते कुटुंब कोणत्या कारखान्यावर जाणार आहे तेही आणि मुकादमाचा नंबरही. परीक्षेचे प्रवेशपत्र आले की त्या नंबरवर फोन करून मुलाच्या परतीची तारीख ठरवायची. मराठवाड्यातले काही वर्गशिक्षक हे आजही स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पैशाने करतात. त्यांना फोनचा खर्च आणि आठवड्यातून दोन मोकळ्या तासिका मिळाल्या, तर दहावीच्या परीक्षेत रिकामी राहणारी बाके कमी होतील.